खरेदीला हरिओम लागतो

हरिओमची पंचाहत्तरी झाली तेव्हा त्याच्या मुलांनी एक छोटी पुस्तिका काढली. तीत माझ्याही चार ओळी आहेत. 'उमदा मित्र, मोकळा स्वभाव' असं मी लिहून दिलं आणि ते खोटं नाही. पण त्याच्याबद्दल मला खरं जे वाटतं ते त्या चार ओळींत नव्हतं. मला लिहायची सवय नाही. मेहकरच्या बाजार समितीत मापाडी ओरडेल तो आकडा उतरवून घेण्यात माझी सगळी नोकरी सरली. वाक्य लिहायचं म्हटलं की हात अडतो. तरी हे लिहून पाहतो.

हरिओमचा मला हेवा वाटतो. शाळेपासून वाटतो.

गावाबाहेर त्याची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टमाट्याची रोपं विकतो. शिक्षण नववीपर्यंत. हुशार म्हणावा असा तो नाही, हे मी जळून म्हणत नाही, निदान पूर्णपणे जळून नाही. पण मेहकरात कुणाला मोठी खरेदी करायची असली की हरिओमला सोबत नेतात. म्हैस असो, मळणीयंत्र असो, प्लॉट असो. आमच्याकडे तशी रीतच आहे. एक माणूस सोबत न्यायचा, बोलायचं ते त्यानेच. घरच्यांनी मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं. घरचा माणूस मध्ये बोलला की विकणाऱ्याला त्याची हौस कळते आणि सौदा बिघडतो. माझी स्कूटर घ्यायलाही मी त्यालाच नेलं होतं. स्कूटर चांगली निघाली. तेही मला सलतं.

त्याची पद्धत साधी आहे. वस्तू कशी आहे, हे तो विचारतच नाही. विकणाऱ्याला विचारतो, "हे परत घेऊन कोण येते?" आणि गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं समोरच्याला सोसत नाही, मग तो आपण होऊन बोलू लागतो. मीही एकदोनदा असं गप्प बसून पाहिलं. मी गप्प बसलो की दुकानदाराला वाटतं, याला काही घ्यायचं नाही. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

गेल्या वर्षी माझी नात प्रतीक्षा, मुलाची मुलगी, हिने गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. तयार नको, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. कॉलेज करून ती लहान पोरांच्या शिकवण्या घेते, त्यातून तिने वर्षभर पैसे साठवले होते. कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो, कोणता टिकतो, याचीच चर्चा घरात चालू असे. मला वाटलं, हे आपण शिकून घ्यावं. ती कधीतरी विचारील.

दुपारी सगळे झोपले की मी मोबाईल कानाशी धरून बारीक आवाजात व्हिडिओ बघायला लागलो. प्रोसेसर कोणत्याही मदरबोर्डावर बसत नाही, त्याचा बोर्ड ठरलेला असतो. ग्राफिक्स कार्ड लांब असलं तर ते कॅबिनेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या डब्यात, मावतं का, हे आधी बघावं. पावर सप्लायमध्ये काटकसर करू नये, तो जळाला तर बाकीच्यांनाही घेऊन जातो. रॅमची जुनी आणि नवी पिढी असते. दोन्ही दिसायला सारख्या, पण खाच वेगळ्या जागी. कितीही दाबलं तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही. हे सगळं मला आवडू लागलं. संध्याकाळी चहाला मी मुद्दाम तिच्याजवळ बसायचो. एकदा म्हणालोही, "पावर सप्लायचं नीट पाह्य बरं." तिच्या कानात इअरफोन होते.

मग एक दिवस ती म्हणाली, "आबा, मी हरिबाबाले घेऊन खामगावले जाऊन राह्यली. कॉम्प्युटरचं सामान आणाले. तुम्ही येता का?"

'तुम्ही येता का' हे शेवटी आलं. मी हो म्हणालो.

एसटीत हरिओम तिच्याशेजारी बसला. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते तो साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. "त्या डब्याले काय म्हणते व पोरी? अन् तो पंखा कायले? त्याले गरम होते का?" ती हसत होती, हातवारे करून समजावत होती. तो नाव विसरायचा, पुन्हा विचारायचा, ती पुन्हा सांगायची. मी मागच्या सीटवर होतो. मला ती सगळी उत्तरं येत होती. तिने मला विचारावं म्हणून मी शिकत बसलो होतो. पण मी स्वतः तिला कधी काही विचारलं नव्हतं, हे मला त्या गाडीत कळलं. कळून बरं वाटलं नाही.

दुकान अविनाश नावाच्या माणसाचं होतं. सणाचे दिवस, गर्दी होती. प्रतीक्षाने निवडून ठेवलेली नावं सांगितली, त्याने खोकी काऊंटरवर मांडली. हरिओमने एकेका खोक्यावर हात ठेवून आपला तोच प्रश्न विचारला. पावर सप्लायपाशी अविनाश जरा थांबला. हरिओम गप्प. मग अविनाशनेच ते खोकं बाजूला सारलं आणि वरच्या फळीवरून दुसरं काढलं. म्हणाला, काका, हा न्या, त्याच्यातले परत आले आहेत. जे मी इतक्या दुपारी घालवून शिकलो ते याने एका प्रश्नात मिळवलं.

मग भावाची बोलणी सुरू झाली. प्रतीक्षाच्या तोंडावर हौस दिसत होती, म्हणून हरिओमने तिला कॅबिनेट बघायला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. अविनाश भाव उतरवेना. भाव उतरला नाही तर वरून काहीतरी घ्यायचं, हाही आमच्याकडचा नियम. हरिओमची नजर रॅमवर गेली. हे नवीन आहे की जुनं, असं त्याने विचारलं. अविनाशने खरं ते सांगितलं, की एक पिढी मागचं आहे, याच्या पुढचं आलं आहे.

रोपवाटिकेच्या माणसाला जुनं चालत नाही. मागच्या सालचं बियाणं हरिओम हातात धरत नाही.

"जुनं बी मी दुश्मनाले देत नाही, भाऊ. नवीन द्या. याच भावात."

अविनाशने बरीच ओढाताण केली. त्याचा फोन वाजत होता, मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेवटी त्याने हात टेकले, जुनं पाकीट उचललं, नवीन पिढीचं ठेवलं आणि बिल करायला वळला. हरिओमने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. सौदा जिंकल्यावर तो असंच बघतो.

प्रतीक्षाचा बोर्ड जुन्या पिढीचा होता. हे नवीन रॅम त्यावर बसणारच नव्हतं. आणि भिंतीवर पाटी होती: उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.

मला आनंद झाला. तो लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. हरिओम चुकला होता आणि ते फक्त मला माहीत होतं. मी ठरवलं, त्याला सांगायचं नाही, प्रतीक्षाला सांगायचं. ती येऊन बिल थांबवील आणि कुणाला काय कळतं ते तिला दिसेल. मी तिच्यापर्यंत गेलोही. काचेच्या कॅबिनेटवरून नजर न काढता ती म्हणाली, "आबा, पाय दुखून राह्यले का? तिथं स्टूल आहे, बसा."

 मी न सांगताच परत आलो. बिलाचा कागद छापला जात होता. रीत मोडून मी हरिओमच्या कानाशी म्हणालो, "हे त्या बोर्डावर बसत नाही."

मला वाटलं, तो मला हाताने मागे सारील. त्याने हात वर केला तो अविनाशपुढे.

"थांबा भाऊ. हा म्हणते, हे बसत नाही." आणि माझं कोपर धरून मला काऊंटरशी उभं केलं. "बोल बे भगवान. मले याच्यातलं काही समजत नाही."

मागचे लोक हसले. हरिओमला त्याचं काही वाटलं नाही. मी काऊंटरच्या काचेकडे बघत खाचेचं सांगितलं. अविनाशने बोर्डाचं खोकं फिरवून वाचलं आणि म्हणाला, आजोबा बरोबर आहेत, गडबडीत ध्यानात आलं नाही. जुनं पाकीट परत जागेवर आलं. वरचं गेलं म्हणून हरिओमने त्याच्याकडून एक जास्तीचा पंखा काढला.

प्रतीक्षा आली तेव्हा मी तोंड उघडण्याआधी हरिओमने सगळं सांगून टाकलं. त्याच्या सांगण्यात मी काऊंटरवर हात आपटला होता. परतीच्या गाडीत त्याने ते कंडक्टरलाही सांगितलं. मी केलेली एवढी एक गोष्ट, तीही त्याच्या तोंडून चांगली वाटत होती.

प्रतीक्षा सीटवरून मागे वळली. "आबा, तुम्हाले इतकं माहीत होतं, मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तू विचारलं नाही," मी म्हणालो. ते हवं होतं त्यापेक्षा कडक निघालं. तिचा चेहरा उतरला.

हरिओम म्हणाला, "तो तसाच हाये व. शाळेत बी उत्तर याचं राहे अन् वर हात माहा."

ती हसली. मीही हसलो. बाकावर मी पुटपुटायचो आणि तो हात वर करायचा, हे खरं आहे. मला वाटत होतं, ते फक्त माझ्याच लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी तिने घरी चादर पसरून सगळे भाग मांडले. हरिओम सकाळीच येऊन खाटेवर बसला होता. रॅमची पट्टी बोटांत धरून प्रतीक्षा अडली. तिने वर पाहिलं, आधी हरिओमकडे. त्याने हनुवटी माझ्याकडे उडवली.

"आबा, खाच कोणत्या बाजूनं?"

एवढ्यासाठी मी कितीतरी दुपारी जागलो होतो. तो प्रश्न मला हरिओमने दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी खाली बसलो, चष्मा सारखा केला आणि बाजू दाखवली.