लॉरीच्या हिशोबातल्या बारा रेघा

परवा रिसोडचे एक पाव्हणे आमच्या घरी आले. बाबाच्या जुन्या ओळखीचे. पाय धुतले ना धुतले तोच मले म्हणाले, "पोरी, तुले हिशोब येते म्हणतात. मले सांग बरं, नवी लॉरी घेणं परवडते का आता? का जुनीच पाहू एखांदी?"

मी चुलीपाशी भाकर थापत होती. हात तसाच परातीत राह्यला. माय माह्याकडं पाहे, बाबा बाहेर पाहे. पाव्हण्याले समजेच ना का या घरात एकदम एवढं गप काहून झालं. शेवटी मायनंच चहाचं काढलं अन् गोष्ट सरली. पण माह्या डोक्यातून काही सरली नाही. पाव्हण्याले सांगता नाही आलं, म्हणून इथं लिहून राह्यली. भराभर लिहिते. थांबली का मंग लिहिणं होणार नाही माह्याच्यानं.

आमचं गाव किन्हीराजापासून आत, काळ्या मातीत. तिथून जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत गाडीवाट, अन् बाबाचा सारा धंदा त्या वाटेवर. गावचा कापूस, जवारी, तूर स्टेशनावर नेऊन टाकायची, येता-येता दुकानदाराचं मीठ, गूळ, रॉकेल आणायचं. बैलांच्या चार जोड्या होत्या आमच्या. त्यातली ढवळी जोडी बाबाची सोताची. ती दुसऱ्या कोणाच्या हाती देतच नव्हता तो. पानी लागला का वाट बंद होये, मंग त्याच जोड्या आमच्या नाल्याकाठच्या वावरात जायच्या. आठ महिने वाट, चार महिने वावर. बैल कधी रिकामा नाही अन् माणूसही नाही.

दादा, म्हणजे माहा मोठा भाऊ, दोन वर्सं अकोल्याले एका मोटारमालकापाशी क्लीनर होता. तिथंच गाडी शिकला, लायसन काढलं अन् तीन वर्सामांगं संक्रांतीच्या तोंडावर घरी आला तो डोक्यात लॉरी घेऊनच. मोठी नाही, छोटी लॉरी. समोर दोघा-तिघाची बैठक, मांगं फळ्यांचा उघडा हौदा. सांगता-सांगता तो अंगणात उभा राहून हातानं हँडल फिरवून दाखवे अन् तोंडानं इंजन वाजवे. माय हासून-हासून पदर तोंडात धरे.

बाबानं दोन दिवस आयकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणे, "घ्याचीच असन तं जुनी घे. लढाईतल्या गाड्या भेटतात म्हणतात अकोल्यात. ढवळी जोडी अन् वावर राहू दे."

"बाबा, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्यानं दमवलेला बैल," दादा म्हणे. "आज टायर, उद्या इंजन. नव्या गाडीले पाहाच लागत नाही. पेट्रोल टाका अन् चालवा."

"अन् सोमवारी?"

"सोमवारी काय?"

"सोमवारी आपल्या घरी बैल जुपत नाही. महादेवाचा वार."

"बाबा, इंजनले सोमवार नसते ना!"

"आमाले असते ना बे."

दादा माह्याकडं पाहून डोया मारे. मी सातवी पास झालती. गावातली सातवी पास झालेली मी एकटीच पोरगी. चिठ्ठ्या वाचून देणं, कोणाचं व्याज काढून देणं, सारं माह्याकडं येत होतं, अन् त्याचा मले लय गर्व होता, खोटं कायले सांगू. दादा मले गोठ्यामांगं घेऊन गेला. म्हणे, "बाई, तू हिशोब मांड. नवी घेतली तं वर्साले किती सुटन, जुनी घेतली तं किती. बाबाले कागद दाखवू."

मी वहीचं पान फाडलं, त्यावर आडव्या बारा रेघा ओढल्या, एका महिन्याची एक. प्रत्येक रेघेवर किती खेपा होतीन ते मांडलं. बैलगाडीची एक खेप तिथं लॉरीच्या तीन. पेट्रोलचं काढलं, टायरचं काढलं. अन् पाहा माही हुशारी, सारे सोमवार वगळले! आमच्या घरी सोमवार कोणी कामाच्या दिवसात धरतच नाही, म्हणून मीबी नाही धरले. मले वाटलं, माह्याएवढं बारकं कोणी पाह्यतच नसन. दादानं तो कागद पाह्यला अन् मले उचलून गरकन फिरवलं.

कागद नेला तेव्हा दादा बाबाले म्हणाला का अकोल्याच्या एका मुनिमानं करून देल्ला. "पोरीचा हिशोब म्हटलं तं बाबा हासन," मले म्हणे. मी गप राह्यली. मुनिमाच्या जागी माहा हिशोब चालून राह्यला, मले तं त्याचंच कवतिक.

आता तुमी म्हणसान, काळ्या मातीतली पोरगी, तिले पावसाचे चार महिने दिसले नाहीत का? नाही दिसले. देवाशप्पथ नाही दिसले. आमच्या जोड्या पावसातही कमावतच होत्या ना, वावरात. मले वर्स म्हणजे बाराही महिने कामाचंच माहीत. बैलाचं वर्स मी उचललं अन् लॉरीले देऊन टाकलं. अन् त्याच साली वाटेच्या कडेनं गिट्टीचे ढीग येऊन पडले होते. पक्की सडक होऊन राह्यली, असं जो-तो म्हणे. ज्याले थोडी शंका येत होती तोही ते ढीग पाहून गप होये.

बाबानं कागद हातात घेतला. त्याले वाचता येत नाही. लय वेळ पाह्यलं, बोटानं वरून खाली गेला, मंग घडी करून दादाले वापस देल्ली. "घ्या मंग," एवढंच म्हणाला.

नव्या गाडीले पैसा लय लागला. तीन जोड्या गेल्या, नाल्याकाठचं वावर गेलं, मायच्या सोन्याच्या पुतळ्या गेल्या. शेवटी ढवळी जोडीही गेली. बाजूच्या गावच्या एका कास्तकारानं नेली. आमच्याकडं जनावर इकलं तरी दावं देत नाहीत, दावं घरीच ठेवतात. बाबानं दोन्ही बैलांच्या गळ्यातले दावे सोडले, कास्तकारानं आणलेले नवे बांधू देल्ले अन् जुने खांद्यावर टाकून घरात आला. त्या दिवशी तो जेवला नाही. दादाच्या मात्र ध्यानातही आलं नाही. त्याले दुसऱ्या दिवशी अकोल्याले जायचं होतं.

लॉरी आली ना, अख्खा गाव येशीवर! हिरवी, आरशासारखी. मायनं चाकावर पानी टाकलं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळला. एक म्हातारा लॉरीभोवती फिरून आला अन् दादाले म्हणे, "काबे, दात कुठं पाहाचे इचे?" सारे हासले. बाबाही हासला. दादानं त्याले समोर बसवलं अन् गावाभोवती एक चक्कर मारली. बाबानं दोन्ही हातांनी बैठक अशी धरली होती, का सोडली तं उडूनच जाईन!

ते चार-साडेचार महिने आमच्या घरात नुसता आनंद. कापसाच्या खेपावर खेपा. दादा आला का आधी हॉर्न, मंग धूळ, मंग दादा. सोमवारी लॉरी अंगणात उभी राहे, बाबा तिले पुसे, अन् दादा चिडे, "बाबा, चारा-पानीबी ठेवा ना समोर!"

मंग मिरग लागला.

पह्यला मोठा पानी झाला तेव्हा दादा जऊळक्याहून मिठाच्या गोण्या घेऊन येत होता. गावापासून कोसभरावर चाकं गेली मातीत. काळी माती एकदा धरते ना, मंग इंजन जेवढं जोर लावन तेवढं खालीच जाते. आमी सारे धावत गेलो. हौद्यातलं मीठ भिजून खालून पांढरं पानी टपकून राह्यलं होतं. बाजूलेच गिट्टीचा ढीग, जसाच्या तसा. दादा हातानं चिखल उपसे, तोंडावरही चिखल, त्याच्यातून डोये तेवढे दिसत.

"बैल आणा," कोणीतरी म्हणालं.

साऱ्यायच्या जोड्या आपापल्या वावरात गुतलेल्या. जवळ जी जोडी भेटली ती कोणी आणली, अन् ती आली तं ढवळी जोडी! नव्या मालकानं बाबाकडं पाह्यलं अन् काही न बोलता कासरा त्याच्या हाती देल्ला. बाबानं लॉरीच्या समोर बैल लावले अन् हाक मारली. त्याची जुनी हाक. दोन्ही बैलांचे कान टवकारले. पाय रोवून त्यायनं ओढलं, गुडघे टेकले, पुन्हा उठले, अन् लॉरी निघाली.

मांगून एक जण म्हणे, "बैल इकून लॉरी घेतली, अन् लॉरी ओढाले बैल!" हासले सारे. वाईट मनानं नाही हासले, पण हासले.

घरी आल्यावर दादा म्हणे, "तुमी कायले हात लावला बाबा? साऱ्या गावात माही..."

"तुह्या मुनिमाले इचार आता," बाबा म्हणाला. "त्याले म्हण, चार महिने काय खाचं तेबी मांड."

दादानं माह्याकडं पाह्यलंही नाही. "मुनिमाची काही चुकी नाही. माहीच आहे," म्हणाला अन् घोंगडी घेऊन निघून गेला. मी दारातच होती. एक शब्द बोलायचा होता मले. नाही बोलली.

तवापासून दादा जऊळक्याले राह्यला. स्टेशनावर हमालीले लागला. मालधक्क्यावरून वॅगनीत पोते भरायचे. जेवणही तिकडंच. आठ-पंधरा दिवसानं येऊन अंगणातल्या लॉरीचं इंजन थोडं सुरू करून पाहे, जाम होऊ नये म्हणून, अन् तसाच चिखल तुडवत वापस जाये. घरात पाय ठेवत नव्हता. माय दारातून म्हणे, "दोन घास खाऊन जा रे बावा." तो म्हणे, "खाल्लं माय." इंजन बंद झालं का मायले समजे, तो निघाला. ती मंग त्याची वाढलेली भाकर झाकून ठेवे.

असाच पोळ्याचा आदला दिवस आला. त्या दिवशी सांजच्याले बैलाचे खांदे तूप-हळद लावून मळतात, वर्सभर जू घासलेले खांदे. मळता-मळता त्याले म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मायनं सवयीनं वाटीत हळद-तूप कालवलं. कालवून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. बाबानं तिच्या हातून वाटी घेतली अन् रिकाम्या गोठ्यात जाऊन बसला. खुंटीवर ते दोन दावे. आजूबाजूच्या साऱ्या घरातून घुंगरं, घाटी, पोरायचा कल्ला. आमच्या गोठ्यात नुसता बाबा, अन् दाराशी मी.

तेवढ्यात अंगणात इंजन सुरू झालं. दादा आलता. एकदा घरघरलं, बंद पडलं, पुन्हा घरघरलं. बाबानं आतून हाक मारली, "इकडं ये."

दादा दारात आला. अंगातलं बंडं उजव्या खांद्यावर चिकटून गेलं होतं. पोत्यानं सोललं होतं तिथं, अन् पावसाच्या पान्यानं चिघळलं होतं.

"बस."

"काय आहे बाबा?"

"बस म्हणतो ना."

दादा खाली बसला. बाबानं बंडं हळूच सोडवलं. दादानं श्वास ओढून धरला. बाबानं बोटं वाटीत बुडवली अन् त्याच्या खांद्यावर ठेवली. हळूहळू मळू लागला, मानेपासून दंडापर्यंत, दोन्ही बाजूनं, जसं त्याले येत होतं तसंच. मी मंग म्हणूनच टाकलं, "बाबा, तो मुनिमाचा हिशोब नव्हता. माहा होता."

बाबाचा हात थांबला नाही. "मले माहीत आहे," म्हणे. "मले वाचता नाही येत, पण तुह्या वहीचं पान ओळखू येते, अन् रेघा मोजता येतात. बारा होत्या."

"मंग तवाच काहून नाही बोलले?"

बाबा म्हणे, "तुमी दोघं हासत होते ना. तुही मायबी. मले वाटलं, आठच ओढ म्हटलं तं हासणं बंद होईन. अन् ते गिट्टीचे ढीग... मीबी पाह्यले होते ते."

दादा खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलून राह्यले होते अन् बाबाचा हात त्यायच्यावर फिरून राह्यला होता. फिरता-फिरता बाबाच्या तोंडून सवयीनंच निघालं, "आज आवतन घ्या..." अन् तो थांबला. वाटी खाली ठेवली.

"उद्या जेवाले ये," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादा आला. पोळ्याले आधी बैल जेवतात, मंग माणसं. बाबानं पह्यली पुरणपोळी त्याच्या ताटात ठेवली अन् तो खाऊ लागला तवाच आमी हात घातला. जेवून दादानं हात धुतले, मायच्या पाया पडला अन् स्टेशनावर वापस गेला.

चार महिन्याच्या उधारीपायी लॉरी दसऱ्याच्या आधी इकली, घेतली त्याच्या अर्ध्या किमतीतही नाही. वावर ज्यानं घेतलं तो वापस देत नाही म्हणे. बाबा आता दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं जाते. दादा स्टेशनावरच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र सांजच्याले बरोबर येते, गोठ्यात जाऊन बसते, अन् बाबा वाटी घेऊन त्याच्यामांगं जाते. जखम केव्हाचीच भरली. आता त्या जागी घट्टा पडला, बैलाच्या खांद्याले पडते तसा, काळा अन् जाड. मी हात लावून पाह्यला एकदा. दादा म्हणे, "दुखत नाही बाई आता." मले ते आयकवलं नाही.