कानाला न पुरणारा हात

शाळेचं नाव काढलं की जिच्या कपाळाला आठी पडते अशी बाई भिवंडीत एकच झाली, आणि ती नेमकी माझी भावजय. मी पहिलीच्या वर्गाची बाई. उभा जन्म फळ्यावर अ आ इ ई गिरवण्यात गेला, खडूच्या भुकटीनं बोटांची सालं निघाली. आणि माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, माझी सुजाता, आमच्या शाळेची घंटा जिथे स्वच्छ ऐकू येते त्या घरात राहून सात वर्षांची होईपर्यंत उनाडत होती. शाळेतल्या बाई विचारायच्या, "तुमची भाची कितवीत हो?" मी डब्याचं झाकण लागत नाही असं दाखवून खाली मान घालायची. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानासुद्धा माझी कानशिलं तापली आहेत.

भाऊ कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांतल्या मोटारी दुरुस्त करणारा वायरमन. त्या खडखडाटात राहून त्याला ऐकायला कमी येऊ लागलं होतं, आणि घरात आल्यावर सोयीप्रमाणे आणखी कमी यायचं. त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे? तो ड्युटीवर गेला की ही बाई दाराला कडी घालायची, पोरीच्या फ्रॉकच्या खिशात भाकरीचा तुकडा कोंबायची आणि निघायची. कुठे निघायची ते तिलाही ठाऊक नसे. स्टँडवर जी एसटी सुटायला आली असेल तिच्यात चढायचं आणि पोरीनं "आता" म्हटलं की उतरायचं, हा त्यांचा नियम. एकदा पोरीला खिडकीशी झोप लागली, तर दोघी शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि परतीची गाडी नाही म्हणून कुणाच्या तरी बैलगाडीतून निम्म्या वाटेपर्यंत आल्या. वळ गावच्या बाजूला तेव्हा भातशेती होती. तिथल्या बांधावर खेकड्यांची बिळं मोजत दोघी दिवस काढायच्या. भाऊ कामाला असेल त्या कारखान्याच्या दाराशी बसून पोरगी डोळे मिटायची आणि आतला कुठला लूम बंद पडला ते नुसत्या कानानं सांगायची. तिथले एक म्हातारे कारीगर मला मोठ्या कौतुकानं म्हणाले, "बहनजी, ये बच्ची तो हमसे पहले पकड लेती है." मी म्हटलं, "चाचा, पहले इसको क ख ग पकडने दो." ते हसले. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

भावजयीचं माहेर अकलोलीचं. तिकडे गरम पाण्याच्या कुंडांची तिला आपल्या परसातल्या चुलीइतकी सवय. पोरीच्या हातात तांदळाची पुरचुंडी द्यायची, ती दोरीनं कुंडात सोडायला लावायची आणि भात शिजेपर्यंत काठावर गप्पा मारत बसायचं. एकदा पोरीनं बोट बुडवलं आणि टरारून फोड आला. घरी आल्यावर मी मलम घेऊन धावले आणि भावजयीवर तुटून पडले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, पुस्तकातल्या पाण्यानं भाजत न्हाय. हिला आता जल्मात सांगायला लागायचं न्हाय."

"अगं, त्यासाठी फोड कशाला हवा? गरम पाण्याला हात लावू नये, हे मी वर्गात एका वाक्यात शिकवते!"

"मंग पोरं लावत न्हाईत का?" तिनं विचारलं. चिडवायला नव्हे, खरोखर जाणून घ्यायला विचारलं, आणि त्यानंच माझं डोकं जास्त फिरलं.

माझा राग नुसता शाळेतल्या बाईचा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. आमच्या बाबांना त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेत वर्गात बसू दिलं नाही. आमच्या जातीच्या पोरांनी बाहेर ओट्यावर बसायचं, खिडकीच्या गजांतून दिसेल तेवढा फळा वाचायचा. बाबांना फळ्याचा डावा कोपरा कधी दिसलाच नाही. तेवढ्यावर ते शिकले, नोकरीला लागले, आणि आम्हा भावंडांना ताप असला तरी शाळेत पाठवत राहिले. त्यांचा फोटो भावाच्या घरात दारासमोरच लावलेला. त्या फोटोखालून ही बाई त्यांच्या नातीला चिखलात खेळायला घेऊन जायची! पोरीला विहारातली वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ, पण स्वतःच्या नावातला स कसा काढतात ते ठाऊक नाही. मला रात्र रात्र झोप लागत नसे. दोन पिढ्यांनी वर चढवलेलं हे पोर आमच्या डोळ्यांदेखत खाली घसरणार, या भीतीनं मी अर्धी झाले होते.

पोरगी सहा वर्षांची झाली त्या जूनमध्ये मी तिला हाताला धरून शाळेत नेलं. बाळंतपण माहेरी झालेलं, जन्माचा दाखला काढायचा राहून गेलेला. आमचे मुख्याध्यापक जुन्या वळणाचे. दाखला नाही तर कान, हा त्यांचा कायदा. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. धरता आला तर मूल शाळेच्या वयाचं, नाही तर घरी. मी म्हटलं, सर, जन्मली तेव्हा मी अकलोलीला होते, तारीख मला पाठ आहे. ते म्हणाले, बाई, तुम्ही आत्या आहात. सुजातानं हात वर केला. बोटं डोक्याच्या पलीकडे जराशी उतरली आणि थांबली. दाराशी उभी असलेली भावजय म्हणाली, "न्हाय पुरत. पुढच्या जूनला बघू." आणि दोघी तिथूनच परस्पर स्टँडवर गेल्या.

पुढचा जून आला. पुन्हा हात, पुन्हा तेवढ्यावरच थांबला, आणि पुन्हा तेच, "न्हाय पुरत ताई. पुढच्या जूनला बघू." आमच्या घराण्यात सगळे लांब हातांचे. मी मनाशी म्हटलं, हिच्या माहेरचे आखूड हात पोरीत उतरले असणार. त्यावरूनही मी तिला बोलून घेतलं. तेव्हा पहिल्यांदा ती जरा गंभीर होऊन बोलली. "मला पाचव्या वर्षी घातली व्हती शाळंत. सात वर्सं हाताची घडी, तोंडावर बोट. बोट काढलं तवा बोलायला काय उरलंच न्हवतं." मी स्वतः दिवसातून वीसदा तेच ओरडते. मी पिशवी उचलली आणि चहा न घेता निघून आले.

दिवाळीआधीच्या एका रविवारी भावाकडे गेले तर घराला कडी. शेजारणीनं खाडीच्या दिशेनं बोट दाखवलं. ओहोटी होती. चिखलात गुडघाभर रुतून दोघी चिंबोऱ्या, खाडीतले मोठे खेकडे, धरत होत्या. पोरीच्या डाव्या हातात दोऱ्यानं बांधलेली चिंबोरी, आणि डाव्या कानावर चिखल वाळून खाज सुटली असावी. तिनं उजवा हात उचलला, डोक्यावरून पलीकडे नेला आणि कान खसाखसा खाजवला. नुसता कान नाही, कानाची पाळी, पाळीच्या मागची मान! मी काठावरून किंचाळले. पोरगी दचकली, चिंबोरी सुटली. मग सगळं बाहेर आलं. हात पुरू नये म्हणून खांदा खाली पाडायचा, मान ताठ धरायची आणि बोटं अलगद मुडपायची. जूनच्या महिनाभर आधीपासून दोघी घरात आरशासमोर सराव करायच्या, बाबांच्या फोटोखाली! मी त्या खाडीकाठी जे बोलले ते छापता येणार नाही. भावजय चिखलात उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "न्या उद्या."

मी नेली. हात पुरला. मुख्याध्यापकांनी तिला माझ्याच वर्गात घातलं.

मला वाटलं होतं, आता मी जिंकले. पण वर्गातली पोरं तिच्यापेक्षा लहान, आणि त्यांना वाचता येत होतं. हिनं पुस्तक उलटं धरलं आणि चाळीस तोंडं एकदम हसली. लूमचा आवाज ओळखणारी, भरती-ओहोटी सांगणारी पोर लालबुंद होऊन बाकाखाली बघत राहिली. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "हे सगळ्यांना येतं. मला कुणी सांगितलंच न्हाय." मी तिथेच होते. भावजयीचा चेहरा असा उतरला की मी तोंडात जमवलेले शब्द गिळले. पोरगी झोपल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. "पयल्या साली मला पटलं व्हतं म्हणून ठेवली, ताई. दुसऱ्या साली पटलं न्हवतं. ती गेली तर दिवसभर मी कुनाबरोबर जाऊ, म्हणून ठेवली." मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कारण मला तरी ती वर्गात कशासाठी हवी होती? बाबांसाठी, हे खरंच. पण मला मूलबाळ नाही. डोळ्यांसमोर बसायला मलाही ती हवी होती.

त्या दिवसापासून भावजय रोज संध्याकाळी पोरीबरोबर पाटी घेऊन बसायची आणि, सात वर्षं शाळेत काढूनही, तिच्याइतक्याच चुका करायची. मार्चपर्यंत सुजाता घडाघडा वाचू लागली. इतर मुलांना वर्ष लागतं ते हिला पाच महिन्यांत कसं आलं, याचाही मला राग आला, कारण भावजय त्यावर नुसती हसली.

पोरगी पुढे अभ्यासात रमली. आईबरोबर जायला तिला वेळ उरेना. भावजय मग गल्लीतली शाळेआधीच्या वयाची पोरं गोळा करून फिरायला लागली. पण न्यायची कुठे? वळच्या भातशेतीत गोदामं उभी राहिली, खाडीकाठी भराव पडला. ज्यांनी ते केलं त्यांना माझ्या वर्गात आणून बाकावर उभं करावं असं मला अजून वाटतं. गल्लीच्या टोकाला चिंचेचं एक झाड तेवढं उरलं होतं. सुजाता नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या एप्रिल महिन्यात ही बाई, चाळिशी ओलांडलेली, पोरांना गाभुळलेल्या चिंचा काढून देते म्हणून त्या झाडावर चढली आणि उजव्या खांद्यावर पडली.

प्लास्टर निघालं, पण हात वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. उजवा हात हळूहळू डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. मी चमकून भावजयीकडे बघितलं. ती त्या दुखण्यातही फस्सकन हसली. डॉक्टरांना काही कळेना.

व्यायाम करून घ्यायला रोज मी जायची. भावाला तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं, एवढं मात्र त्याला नीट ऐकू यायचं. बोटं भांगापर्यंत यायची आणि थांबायची. मी ओरडायची, "ढोंगं करू नकोस! खांदा पाडू नकोस, मला सगळं माहीत आहे!" ती दात आवळून पुन्हा हात उचलायची, आणि बोटं पुन्हा भांगापाशीच.

शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते. दाराबाहेर गल्लीतली पोरं चुळबुळत होती. तिनं तीनदा हात उचलला. तिसऱ्या वेळी बोटं भांगावरच अडली आणि गालांवरून पाणी ओघळलं.

"न्हाय पुरत, ताई," ती म्हणाली. "आता खरंच न्हाय पुरत."

मी तिचा हात धरून थोडा वेळ तसाच वर ठेवला. मग हळूच खाली घेतला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या जूनला बघू."