दुसऱ्याच्या सोफ्यावरचे फोटो

दर्यापूरच्या स्टँडवर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यांदा प्रार्थना सुरू केली. अमरावतीची बस लागलेली, तिथून पुढं पुण्याला जायचं; कंडक्टर दारात उभा, शेंगा विकणारी बाई टोपली कडेवर घेऊन आमच्याकडे बघतेय. बाबा टेलर. मशीनच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा आवाज चढलेला. "बापा, पोरगी परमुलखात जाऊन राहिली. तिले सांभाळ," एवढंच ते म्हणत होते. मी डोळे मिटलेच नाहीत. कोण कोण बघतंय तेच पाहत राहिले, आणि मनात म्हणत होते, लवकर आमेन म्हणा. बस हलली तशी आई खिडकीपाशी आली. "जेवली का नाही, ते सांगत जाय व."

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. निघून गेलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मागे राहिलेल्यांनी रागावलं तरी चालेल.

दिवस वाईट होते. कपाशी दोन वर्षं हातची गेली होती. नवे कपडे शिवायला कोणी येईना. बाबांच्या मशीनवर यायच्या त्या उसवलेल्या पँटी आणि धाकट्या भावाला बसतील असे करायचे थोरल्याचे गणवेश. आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली; उपासना बाबाच चालवत. उपासनेनंतर बाबा विचारत, कोणाची काही विनंती आहे का? मग लोक उभे राहून जसं असेल तसं सांगत. बोअर आटली. नवरा कोणाशी बोलत नाही. लेक रात्रभर जागाच असतो. सांगताना कोणी मान खाली घालत नसे. ते ऐकून लाज वाटायची ती मला. अमरावतीला नर्सिंग करून पुण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा वाटलं, सुटले.

पुण्यात आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. चार खाटा, एक दोरी, दोरीवर कायम ओले युनिफॉर्म. खोलीची खिडकी बाथरूमच्या डक्टमध्ये उघडायची. ज्या चर्चमध्ये जाऊ लागले तिथं मोठी स्क्रीन, गिटार, इंग्लिश गाणी. "कशी आहेस?" याला तिथं एकच उत्तर होतं: "ब्लेस्ड." उपासना संपली की सेल्फी, आणि घरी पोचायच्या आत ते फेसबुकवर. सगळ्यांवर देवाची कृपा अगदी दिसेल अशी होती. माझ्यावरची दाखवण्यासारखी नव्हती.

शुक्रवारची प्रार्थनासभा थॉमस आंटींच्या फ्लॅटवर असायची. क्रीम रंगाचा सोफा, मागे पांढरे पडदे. एकदा मी लवकर पोचले. आंटी आत कॉफी करत होत्या. मांडीवर बायबल उघडं ठेवलं, हातात टेबलावरचा रिकामा मग धरला आणि फोटो काढला. खाली लिहिलं, "प्रभूने दिलेली शांत संध्याकाळ." घर माझं आहे असं मी लिहिलं नाही. माझं नाही असंही लिहिलं नाही. मग दर शुक्रवारी एक फोटो होऊ लागला. कधी पडद्यापाशी, कधी डायनिंग टेबलापाशी. देवाचं नाव प्रत्येक फोटोखाली असायचं.

आईकडे साधा फोन होता. आमच्या गल्लीत अनीसभाभींचं बांगड्यांचं दुकान. त्या आपल्या मोबाईलवर माझे फोटो उघडून आईला दाखवायच्या. आई ते दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवायची. असं करत ते फोटो माझ्या काकांनी पाहिले. काकांची शेती दर्यापूरजवळच्या गावात. त्यांची मुलगी करुणा अकोल्याला कॉलेजात होती, पण त्या वर्षी तिला खोली करून ठेवणं त्यांना झेपेना. त्यांचा मला फोन आला. "एस्तेर, तुयाकडं जागा हाये ना व? फोटोत त मोठा हॉल दिसते. करुणी तिथंच शिकीन."

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "पाठवा काका."

करुणा ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरली. रिक्षात मी तिची बॅग मांडीवर धरून बसले. खोलीचं दार उघडलं तेव्हा एक जण नाइट करून तोंडावर ओढणी घेऊन झोपलेली होती. करुणानं चार खाटांकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बसायला जागा नव्हती म्हणून आपल्याच बॅगेवर बसली. तेवढ्यात काकूचा फोन आला.

"हो माय, पोचली," ती म्हणाली. माझ्यावरची नजर तिनं काढली नाही. "लय मोठं घर हाये. हो, सोफा बी हाये."

करुणा दर्यापूरच्या आमच्या चर्चमध्ये लहान मुलांची संडेस्कूल घ्यायची. तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काहून खोटं बोलली?"

"मंग काय सांगू? गावात तुयी इज्जत राहिली असती का?"

तोंड धुवायला म्हणून मी बाथरूममध्ये गेले आणि तिथंच उभी राहिले. स्वतःपुरतं खोटं मी सांभाळत आले होते. आता ते या पोरीच्या तोंडात गेलं होतं, तेही माझ्यासाठी.

बाहेर येऊन मी खोलीचा फोटो काढला, दोरीसकट. खाली लिहिलं, "माझी खोली ही. आधीचे फोटो थॉमस आंटींच्या घरातले." लाइक फारसे आले नाहीत. चर्चमधल्या एका मुलीनं मेसेज करून विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?" शुक्रवारी आंटी नेहमीसारख्याच बोलल्या, फक्त कॉफीचा मग हातात देताना किंचित थांबल्या. करुणा थोडे दिवस राहून अकोल्याला परत गेली आणि नातेवाइकांकडे राहून शिकली. पुढच्या नाताळात काका माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

तो फोटो टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी अनीसभाभींच्या फोनवरून आई बोलली होती. आता ओरडेल, असं वाटत होतं.

"रोज तुयासाठी प्रार्थना करते मी," ती म्हणाली. "डोये मिटले की तुले त्या सोफ्यावर बसवून मांगत होती. तू त तिथं राहतच नवती. मंग एवढे दिवस मी कोणासाठी मांगलं व?"

पलीकडे भाभींच्या दुकानात कोणीतरी बांगड्यांचा भाव विचारत होतं. मग तीच म्हणाली, "त्या चारातली तुयी खाट कोणती, तेवढं सांग."

"भिंतीकडली," मी म्हणाले.

आज पुण्यात माझं घर आहे, नवरा आहे, खिडकीतून उजेड येतो. तरी घर कुठलं असं कोणी विचारलं की तोंडातून दर्यापूरच येतं. तिथं एक बाई रोज डोळे मिटून मला शोधते. तिला मी सापडावी, एवढंच घर मला आता कळतं. आणि अजूनही व्हिडिओ कॉल वाजला की माझा हात आधी केसांकडे जातो. मागचा पसारा मी पायानं बाजूला सारते. सारता सारता लक्षात येतं, आणि पाय तसाच थांबतो.