उस्तादांची पट्टी

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मी धास्तावलेला होतो. औरंगाबादेतल्या नव्या सभागृहात संध्याकाळी माझे उस्ताद गाणार होते आणि साथीला कीबोर्ड, ड्रम आणि कॉम्प्युटरमधून वाजणारी व्हायोलिनं. कीबोर्डवाला त्यांचाच भाचा, पुण्याहून शिकून आलेला. मी जुन्या वळणाचा शागिर्द, म्हणून नाक मुरडतोय, असं लोकांना वाटायचं. मुरडत तर होतोच. पण भीती वेगळी होती.

पेटीची पांढरी दोन ही उस्तादांची पट्टी. तिशीत होती तीच अजून आहे, असं ते आल्यागेल्याला सांगत. जन्म निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालातला, अठ्ठेचाळीसचा, म्हणजे साठी कधीच उलटलेली. आमच्याकडं तानपुरा शागिर्दानं लावायचा, उस्तादांनी फक्त मान हलवायची. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत वरचा सा लावताना त्यांचा आवाज फाटला. तो चेहरा मला बघवला नाही. पुढच्या वेळी मी तानपुरा केसभर खाली लावला. त्यांनी मान हलवली. मग आणखी केसभर. असं करत करत मी त्यांना पांढरी एकवर, म्हणजे पुरता एक सूर खाली, आणून ठेवलं. नजर अधू, त्यामुळं पेटीवाल्याची बोटं त्यांना दिसत नव्हती. तो आणि तबलजी दोघंही कटात होते. उस्ताद खूश. दम वाढलाय, म्हणायचे, रियाजाची करामत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मी स्वतःची पाठ थोपटायचो.

पण कॉम्प्युटर काही कटात येईना. भाच्यानं पट्टी विचारली, उस्तादांनी ऐटीत पांढरी दोन सांगितली आणि सगळं संगीत त्याच पट्टीत भरलं गेलं. आवाज खर्चायचा नाही म्हणून तालमीत ते खालच्या सुरांत नुसते गुणगुणले.

आदल्या दिवशी मी भाच्याला गाठून सगळं सांगितलं. पट्टी उतरवणं दोन मिनिटांचं काम, तो म्हणाला, पण मामूंना न विचारता मी करणार नाही. तुम्ही विचारा. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी उस्तादांच्या घरी गेलो. ते पलंगावर बसून शेरवानीची बटणं पुसत होते. आज या नव्या पोरांना दाखवतो सा कसा लागतो ते, म्हणाले. मी चहा पिऊन उठलो. भाच्याला सांगितलं, तीच पट्टी ठेवा म्हणाले. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

सुरुवात सुंदर झाली. ड्रमच्या हलक्या ठेक्यावर बंदिश अशी काही खुलली की मलाही आवडली, आणि त्याचाच मला राग आला. मग अंतरा आला. मी त्यांच्या मागं तानपुरा छेडत होतो. त्यांच्या मानेची शीर ताठलेली दिसत होती. आवाज नीपर्यंत गेला आणि चिरकला. पुन्हा गेला, पुन्हा चिरकला. व्हायोलिनं थांबायला तयार नव्हती. तिसऱ्या वेळी मागून मीच सा लावला. लोकांना तो त्यांचा वाटला, टाळ्या पडल्या. उस्तादांनी मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्यांनी पेटी समोर ओढली होती. एका हातानं पांढरी दोन दाबून धरली होती, दुसऱ्या हातानं घरातला तानपुरा छेडत होते, मी परवा लावून ठेवलेला. दोन्ही सूर खोलीत एकमेकांना खात होते. मी दारातच उभा राहिलो. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. दोन वर्षं, मी म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू सूर मिलाता बोलके मैं कान देनाच छोड दिया था, बेटा," ते म्हणाले, आणि स्वतःच तानपुऱ्याची खुंटी पिळायला लागले.