तोंडानं माग

माझी पहिली मुलगी सहा वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. बहिरी म्हणावी, तर मागे कोंबडीनं दाणा टिपला तरी तिची मान वळायची. हाक मारली की मात्र नाही. केळीच्या वाळक्या पानाची चिंधी बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. त्यात दिवस जायचा. हनुवटी धरून तोंड वर केलं तर डोळे मिटून घ्यायची. धरणारी बहुतेक मीच असायचे.

स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. माझं सासर रावेरकडचं, केळीचं. माहेर अमळनेरच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवर. आखाजीला माहेरी निघाले तेव्हा सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पोरीला बोलती करून आण. नाही झाली तर तिला पुन्हा या घरात आणू नको." नवरा बैल जुंपत होता. त्याला ऐकू गेलं. तो जुवाची गाठ आवळत राहिला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधतात. वडिलांनी मोटेचा दोर बांधून दिला. रेल्वेत कान दाबून रडलेली माझी पोर झोक्यावर बसली आणि गुणगुणायला लागली. फांदीवर दोर करकरायचा, अगदी त्याच सुरात. जेवायलाही उतरेना. सणाचे दिवस होते, सगळ्याच पोरी झोक्यावर होत्या, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही.

सण झाला, बाकीचे झोके उतरले. आमचा राहिला. पाण्याला जाणारी शेजारीण म्हणाली, "आखाजी सरनी व बाई, तुनी पोरनी कधी सरी?" सोबतच्या बाया हसल्या. मीही हसले. घरात आले आणि मला युक्ती सुचली. जे हिला एवढं हवं आहे, तेच काढून घेतलं तर मागावं लागेल. मागायचं तर तोंड उघडावं लागेल. सकाळी मी दोर सोडला.

ती निंबाखाली पुढे-मागे डुलत उभी राहिली. मग दोर ओढत माझ्याकडे आली. त्याचं टोक माझ्या हातात ठेवलं, माझं मनगट धरलं आणि मला झाडाकडे ओढू लागली. तोवर तिनं आपण होऊन मला कधी हात लावला नव्हता.

मी म्हटलं, "तोंडानं माग. झोका म्हण."

आई चुलीपुढून म्हणाली, "मांगी ऱ्हायनी ना ती. आखीन कशी मांगी?"

तू मध्ये पडू नको, असं मी आईला सुनावलं.

त्या दिवशी पोर सहा-सात वेळा दोर घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिनं खोडावर कपाळ आपटून घेतलं. मी हळद दाबली, फडकं बांधलं आणि पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी एकदाच आली. चौथ्या दिवशी दोर अंगणात पडला होता, ती त्याला ओलांडून गेली. मी घाबरून झोका बांधला, तिला उचलून बसवलं. ती बसली. गुणगुणली नाही. थोड्या वेळानं उतरली.

नवरा घ्यायला आला तेव्हा पोर आईजवळ ठेवून मी एकटीच सासरी गेले.

आता माझा पणतू तसाच आहे. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला स्वमग्नता असं नाव सांगितलं. म्हणाल्या, "तो हात धरून नेतो ना, आजी? तेच त्याचं मागणं. शब्द आले नाहीत तरी द्यायचं." माझ्या आईनं हेच चुलीपुढे बसून सांगितलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं.

पोरीला आईजवळ ठेवून दोन वर्षं झाली तेव्हा माहेरून निरोप आला, तिला ताप आहे. मी पोचले तेव्हा ओठ सुकून फुटले होते. आई म्हणाली, त्या आखाजीपासून तिनं कुणाचा हात धरला नाही. मी उशाशी रात्रभर पाण्याची वाटी भरून बसले होते. तिनं धरावा म्हणून माझा हात तिच्या हाताजवळच ठेवला होता. तहान लागली असणारच. तिनं मागितलं नाही.