होस्टेलच्या भिंतीला धक्का न लावता

लोक कॉलेजचे दिवस आठवतात तेव्हा त्यांना मैत्री आठवते, गॅदरिंग आठवतं, कोणाला कोणीतरी आठवतं. मला आणि शुभीला आठवते भिंत! शुभीचा फोन आला की आधी पोरांची सर्दी-खोकला, मग सासू, आणि मग गाडी तिथंच. एक किस्सा निघाला की त्याच्या मागून दुसरा निघतो. आम्ही हसतो खूप. पण फोन ठेवल्यावर मला भयंकर राग आलेला असतो, तो कोणावर काढावा ते कळत नाही.

तर साकोलीला हायवेपासून जरा आत आमचं मुलींचं होस्टेल होतं. एका खोलीत तिघी. मी तुमसरकडची. शुभी सानगडीची, म्हणजे इतकी जवळची की तिचा भाऊ दर रविवारी डबा देऊन जायचा. तिसरी प्रणाली, दिघोरीची. बी.एस्सी.ला, आणि आम्हा दोघींपेक्षा कितीतरी हुशार.

वॉर्डन मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भिंतीला खिळा नाही, टेप नाही, गोंद नाही. डाग दिसला की सीट कॅन्सल!"

आम्ही दोघी हसलो. प्रणाली हसली नाही. तिच्या वडिलांनी तिला फक्त होस्टेलच्या भरवशावर पाठवलं होतं. सीट गेली तर कॉलेज गेलं, रोज एस.टी.नं ये-जा करू देणार नव्हते ते. ती म्हणाली, "तुमच्या नादानं माई सीट नको जाऊ देजा, बाप्पा!"

*

पण भिंत तिलाच हवी होती! रसायनशास्त्राचा तक्ता झोपताना-उठताना डोळ्यांसमोर असल्याशिवाय तिच्या डोक्यात काही जायचं नाही.

शुभीनं डोकं चालवलं. "भाताची खळ करू. पाणी मारलं का निघून जाते."

मेसमधून वाटीभर भात आणला, कुस्करला, तक्ता चिकटवला. फर्स्टक्लास! महिन्यानं तपासणी आली तेव्हा पाणी मारलं. निघेना. गरम पाणी मारलं, तरी निघेना. शेवटी स्टीलच्या पट्टीनं खरवडत बसलो तिघी, दुपारभर. शुभी घाम पुसत म्हणाली, "अन् हाच भात आपण दोन्ही टाइम पोटात घालून राहिलो!"

प्रणालीनं दोन दिवस भात खाल्ला नाही. भंडारा जिल्ह्यातली पोट्टी आणि दोन दिवस भाताविना, म्हणजे पाहा! उरलेल्या डागावर आम्ही पावडर फासली आणि तेवढ्यावर निभावलं.

*

तपासणी म्हणजे साधी नव्हती. मॅडम मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरायच्या, म्हणजे बारीकसा खड्डाही सावली पाडतो. पंखा सहा महिने बंद होता, तो त्यांना कधी दिसला नाही. खड्डा बरोबर दिसायचा!

आमच्या आधीच्या मुलींनी ठोकलेल्या खिळ्यांची चार भोकं होती. ती आम्ही टूथपेस्टनं बुजवली. पांढऱ्यावर पांढरं, अगदी बेमालूम. मॅडमनी टॉर्च फिरवला, काही सापडलं नाही. मग थांबल्या, नाक वर केलं, भिंतीपाशी जाऊन हुंगलं.

"काहून गं, ही भीत ब्रश करून राहिली का?"

*

मग शुभीनं नवीन शोध लावला. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत सुतळी ताणायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी सगळं तिच्यावर टांगायचं. तक्ता, फोटो, वेळापत्रक, सगळं अधांतरी. भिंतीला बोटही लागलं नाही!

मॅडम तरातरा आत आल्या. सुतळी बरोबर गळ्यात. चिमटे उडाले, चष्मा उडाला.

शुभी हात जोडून म्हणाली, "मॅडम, भितीले तं कायी लागलं नाई!"

"माझ्या गळ्याला लागलं ना!"

त्या दिवसापासून नियमात सुतळीही आली.

*

आता हे ऐका, म्हणजे माझा राग कळेल.

प्रणालीच्या खाटेवरच्या भिंतीला ओल आली होती. आधी ताटाएवढी, मग खाटेएवढी. आम्ही तिघींच्या सह्यांनिशी अर्ज दिला. आठ दिवसांनी मॅडमनी बोलावलं. आम्हाला वाटलं, मिस्त्री येणार.

म्हणाल्या, "त्या भागाला हात लावू नका. डाग पडतील!"

*

एकदा संस्थेचे पाहुणे येणार होते. त्या सकाळी मॅडम स्वतः टेपचा मोठा बंडल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. "चला, भिंती सजवा! इतक्या उदास खोल्या असतात का मुलींच्या?" आमच्या खोलीत ओल झाकायला त्यांनी स्वतःच्या हातानं मोठं निसर्गचित्र चिकटवलं. पाहुणे आले, छान म्हणाले, चहा पिऊन गेले. तासाभरात ऑर्डर आली, "काढा सगळं!"

काढलं. टेपबरोबर रंगाच्या पट्ट्याच्या पट्ट्या निघून आल्या.

महिनाअखेरीस टॉर्च घेऊन कोण आलं? त्याच! प्रणालीच्या खाटेशेजारी उभं राहून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

आमच्यापैकी एकीनंही "तुम्ही" म्हटलं नाही. याची लाज मला अजून वाटते. मॅडम म्हणाल्या, "खाट जिची, जबाबदारी तिची." आणि प्रणालीच्या नावावर एक ताकीद चढली.

*

नंतर पंधरा-वीस दिवसांत प्लास्टरच पडलं. भर दुपारी, आम्ही कॉलेजात असताना. परत आलो तर प्रणालीच्या उशीवर हा एवढा थोरला पापुद्रा! ती उशीकडे पाहतच नव्हती. तोंडावर हात ठेवून तेवढंच म्हणत होती, "माय वो, गेली माई सीट!"

पण मॅडम त्या दिवशी मऊ होत्या. मोठं झेंगट त्यांनाही नको असणार. त्यांनी एक कागद टाइप केला: माझ्या मुलीने भिंतीला टेप लावल्यामुळे प्लास्टरचे नुकसान झाले, त्याबद्दल माफी असावी. खाली पालकाची सही. "वडिलांना बोलाव, सही दे, विषय संपला. सीट राहील."

बाप्पा, आम्ही तर नाचायच्याच बाकी होतो! सही काय, एक रेघ मारायची. प्रणालीनं घरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं काका, म्हणजे प्रणालीचे वडील, आले. स्वच्छ सदरा, हातात पिशवी. घरी थोडी धानाची शेती, पण खरं काम गवंड्याचं. दिघोरीच्या आसपास निम्मी घरं त्यांनी बांधलेली. त्यांनी कागद सावकाश वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"पयले भीत पाहू द्या, मॅडम."

खोलीत येऊन त्यांनी चपला दारात काढल्या. बोटांच्या पेरांनी भिंतीवर ठोकलं. इथं, तिथं, वर. कान लावला. पडलेला तुकडा उचलून चिमटीत दाबला, त्याचा भुगा झाला.

"टेपानं रंग निघते मॅडम, प्लास्टर नाई निघत. याच्यात नुसती रेती हाय. अन् वरून पाणी मुरून राहिलं. पोरीनं कायी नाई केलं." असं म्हणून त्यांनी छताजवळ एक टपली मारली. दुसरा तुकडा मॅडमच्या पायाशी येऊन पडला!

शुभीनं चक्क टाळी वाजवली. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुमच्या मुलीची चूक नाही. माफीनामा राहू द्या, सीट तिचीच आहे." मी प्रणालीला मिठी मारली. केवढं हायसं वाटलं मला!

काका मात्र अजून खाटेकडे पाहत होते. उशीवरची रेती त्यांनी हातानं झाडली.

"इथं झोपते तू?"

प्रणाली चादर सारखी करू लागली.

"सामान भर, बाई."

मॅडम म्हणाल्या, दुसरी खोली देते. काकांनी शेजारच्या खोलीची भिंत ठोकली, तिच्या पुढच्या खोलीची ठोकली, आणि मान हलवली. मी म्हटलं, "काका, परीक्षा दोन महिन्यांवर आली हो!" ते माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तूही घरी सांगजो, बेटा."

प्रणालीनं पुस्तकं भरली. तक्त्याची सुरळी केली. रडली नाही. फाटकापर्यंत आम्ही दोघी पिशव्या घेऊन मागोमाग गेलो. काकांनी ट्रंक खांद्यावर घेतली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, त्या कागदावर सही करून देली असती तं काय गेलं असतं तुमचं?"