सोयरीक जमेपर्यंत

परभणी स्टेशनावर गाडी हलायला आली तरी मी मायच्या गळ्यात पडायला बघत होते आणि ती मला उजव्या अंगालाच घेत होती, डावा हात छातीशी आवळून. "जाय, जाय, गाडी सुटायलीय," म्हणत तिनं मला जवळजवळ डब्यात ढकललंच. लग्नाला महिना झाला नव्हता, नवऱ्याबरोबर इंग्लंडला निघाले होते. शेजारणी हुंदके देऊन रडल्या आणि हिनं धड कवटाळलंही नाही! मुंबई येईपर्यंत मी रुसून बसले होते.

तिच्या छातीत गाठ होती. मला ते सात-आठ महिन्यांनी फोनवर कळलं, तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं. वडील झरीच्या शाळेत मास्तर, गावभरच्या पोरांची नखं तपासणारे, पण त्यांनाही तिनं पत्ता लागू दिला नाही. फक्त माझ्या धाकट्या बहिणीला, चंदाला, तिनं सांगितलं होतं, "मायला असलं काई हाय म्हणल्यावर पोरीला कोण करून घेतंय? तुमच्या दोघींच्या सोयरिकी होऊ दे, मग जाते दवाखान्यात." माझी झाली. चंदाची व्हायच्या आत माय गेली. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? चंदाचं जमायचं होतं म्हणून पाहुण्यांना सांगितलं, कावीळ झाली होती.

इकडं लेस्टरला पन्नाशी आली की घरी पत्र येतं, या, छाती तपासून जा. दुखत-खुपत नसताना कशाला जायचं, म्हणून मी ते बिलांखाली सरकवलं. आठवणीचं दुसरं आलं, तेही तिथंच. शेवटी मंदिराच्या हॉलमध्ये हंसाबेननं गाठलं. ती गुजराती, निवृत्त नर्स. आमच्या गल्लीतल्या पंजाबी, सोमाली, बंगाली, सगळ्या बायकांच्या मागं लागून त्यांना तपासणीला नेते. मला म्हणाली, भीती वाटते ना, मग मी बाहेर बसते. गेले मी.

मशीनजवळच्या मुलीनं विचारलं, आई, बहीण, मावशी, कुणाला कधी हा आजार? मी म्हटलं, "नाही."

अगं बाई! स्वतःच्याच तोंडाची मला लाज वाटली. माझ्या लेकीचं, ऋतुजाचं, लंडनच्या एका मराठी घरात बोलणं चाललंय, तेवढंच त्या घटकेला डोक्यात होतं. पंचवीस वर्षं इथं काढली, गाडी चालवायला शिकले, इथल्या लोकांशी तावातावानं भांडायला शिकले, आणि मायचं खरं दुखणं काही मला सांगता आलं नाही.

माझा रिपोर्ट चांगला आला. तरी ते 'नाही' डोक्यातून जाईना. मग हंसाबेनला खरं सांगून टाकलं. तिनं एवढंच विचारलं, "बहीण आहे?"

चंदा ताडकळसला दिली आहे. लगेच फोन लावला. ती हसत म्हणाली, "शाळेत शिबिर आलतं की आक्का, बीपी-शुगर बघून घेतली."

"आणि छाती?"

तिचा आवाज एकदम खाली आला.

"आक्का, माझ्या पूजाचं जमायलंय. तेवढं होऊ दे, मग जाते."

"कधीपासून हाय, चंदे?"

"दिवाळीपासून."

मी ओरडले, रडले, पुन्हा ओरडले. ती आपली "हळू बोल, आत पाहुणे हायत" म्हणत राहिली. फोन ठेवला आणि त्याच तिरमिरीत ऋतुजाच्या होणाऱ्या सासूबाईंना मायचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कळवतो." अजून कळवलेलं नाही. जीव टांगणीला लागलाय, खोटं कशाला बोलू?

चंदे, शनिवारचं तिकीट काढलंय. तुझ्या सासूबाईंना, पूजाच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगते, तू दवाखान्याची तयारी करून ठेव. सोयरीक मोडली तर दुसरी बघू. झरीतलं घर कधीच विकलं गेलं, माय-बाप राहिले नाहीत. तू हायस तोवर मला माहेर हाय.